मदत हवी आहे : कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील राउली गावापर्यंत गाडी जाते का?

मालधक्का : येत्या शनिवारी आईवडिलांना घेऊन कॅल्गरीहून राउलीला जायचे आहे. हे गाव रेल्वेमुळे वसले आणि आता जवळजवळ ओसाड आहे, एवढेच ठाऊक आहे. गाडी गावापर्यंत जाते का? कृपया लवकर सांगावे, सुट्टी एकाच दिवसाची आहे.

गव्हाळ : मोटार थेट गावात जाते. ड्रमहेलरहून उत्तरेला जाऊन ५६ क्रमांकाच्या महामार्गावरून आत वळावे. मात्र गाव ओसाड म्हणू नये. मूठभर माणसे अजून तेथे राहतात, त्यामुळे बंद घरांत डोकावू नका. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गावकरी पिझ्झा करून खिलवत असत. ते अजून चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

मालधक्का : मी आगगाडीविषयी विचारत होतो.

उत्तरवारा : मग तसे लिहायचे होते! रूळ केव्हाच उखडले गेले. कॅनेडियन नॉर्दर्न या रेल्वे कंपनीने १९११ च्या सुमारास हा मार्ग टाकला, तेव्हा शेतकऱ्याला घोडागाडीने धान्य घालून त्याच दिवशी परतता यावे, म्हणून आठ-दहा मैलांवर एकेक स्थानक ठेवत. ट्रक आले आणि त्या अंतराला अर्थ उरला नाही.

गव्हाळ : केवळ ट्रकला दोष देणे मला पटत नाही. धान्यवाहतुकीचे सरकारी अनुदान १९९५ साली बंद झाले, त्यानंतर लहान फाटे चालवणे रेल्वेला परवडेना.

उत्तरवारा : त्याच्या कितीतरी आधी गाव रिकामे होत आले होते.

डायनोप्रेमी : ड्रमहेलरचे टायरेल हे डायनासोरांचे संग्रहालय चुकवू नका, त्याला निदान तीन तास द्यावेत.

गव्हाळ : आईवडिलांना नेमके काय पाहायचे आहे?

मालधक्का : वडील मनमाडला मालधक्क्यावर कारकून होते. धान्य वॅगनमध्ये कसे भरत, ते त्यांना पाहायचे आहे. हे आधी लिहायला हवे होते.

उत्तरवारा : मग राउलीला अवश्य जा. जुन्या स्थानकात संग्रहालय आहे आणि धान्याची लाकडी कोठारे अजून उभी आहेत. अशा कोठारांच्या भिंतींत फळ्या उभ्या नसून आडव्या, एकीवर एक रचून खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. धान्याचा दाब त्यामुळेच पेलतो. दाणे वर चढवून नळीतून खालच्या वॅगनमध्ये सोडत. चालती गाडी हवी असल्यास स्टेटलर ते बिग व्हॅली ही पर्यटकांची गाडी याच जुन्या मार्गाच्या उरलेल्या तुकड्यावर धावते. तिची तिकिटे मात्र आधी काढावी लागतात.

मालधक्का : दोन्ही एका दिवसात जमेल का? वडील एकेका फळीपाशी थांबणार, हे गृहीत धरून सांगा.