रात्री हात बधीर होऊन जाग येते, आईसाठी विचारतोय

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. आईचं वय 56, आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. गेले सात-आठ महिने तिला रात्री दोन-तीनच्या सुमाराला जाग येते, उजवा हात मेल्यासारखा, नुसत्या मुंग्या, मग उठून बसते आणि थर्मामीटर झटकतात तसा हात झटकत राहते, पाच-दहा मिनिटांनी बरं वाटलं की परत आडवी होते. आधी वाटलं हात अंगाखाली येत असेल. आता दिवसाही व्हायला लागलंय, आदोळीवर नारळ खवताना, फोन कानाला धरला की, कदंब बसमध्ये वरचा दांडा धरून उभी राहिली की. काजूच्या दिवसांत बोंडूंच्या बिया काढल्या त्यानंतर तर फारच वाढलं. परवा चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा मी घाबरलो.

एका ठिकाणी दाखवलं तिथे मानेचा एक्सरे काढून मणक्यातली गॅप कमी झालीय म्हणाले, मानेचा पट्टा आणि बी-12 च्या गोळ्या दिल्या. दोन महिने झाले, काडीचा फरक नाही. हाताला कोणी हात लावून बघितलासुद्धा नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे, शुगर दोन वर्षांत तपासलेली नाही. हे मानेचंच आहे का? आणि दाखवायचं कोणाला, ऑर्थोला की न्यूरोवाल्याला?

फिजिओ_पर्वरी

दादा, आईला एकच विचारा, करंगळी बधीर होते का? नीट विचारा हां, पहिल्यांदा सगळे "अख्खा हात" असंच सांगतात.

डिचोलीकर

विचारलं. आधी अख्खा हातच म्हणाली, मग एकेक बोट दाबून बघितलं. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं पूर्ण, अनामिका अर्धवट, करंगळी चांगली आहे.

फिजिओ_पर्वरी

मग बहुतेक कार्पल टनेल. बहुतेक म्हणते कारण इथे बसून पक्कं सांगता येत नाही. मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, खाली हाडं आणि वरून एक जाड पट्टा, त्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते, मीडियन नर्व्ह. आत जरा सूज आली की जागा कमी पडते आणि चेंगरते ती नस, दोऱ्यांना काही होत नाही. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते म्हणून ती सुटते. झोपेत आपण मनगट मुडपून झोपतो म्हणून रात्री त्रास जास्त. थायरॉइड कमी असलेल्या, डायबेटिसवाल्या, गरोदर बायका आणि पाळी जायच्या वयातल्या, यांना हे जास्त होतं, तेव्हा टीएसएच (थायरॉइडची) आणि एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची) या दोन्ही रक्ततपासण्या करून घ्या.

घरी बघायचं तर दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवून, बोटं खाली, मनगटं पूर्ण वाकवून एक मिनिट धरायला सांगा. मुंग्या आल्या तर संशय वाढतो, नाही आल्या म्हणून सुटलो असं मात्र नाही. खात्रीसाठी एनसीव्ही म्हणजे नसेची तपासणी करतात, हातावर बारीक बारीक शॉक देतात, त्रासदायक आहे पण सहन होतं. पन्नाशीनंतर मानेच्या एक्सरेत गॅप तर कोणाच्याही दिसेल हो, माझ्याही निघेल.

उपाय म्हणाल तर पहिला रात्रीचा स्प्लिंट, मनगट सरळ ठेवणारा, आत धातूची पट्टी असलेला. मेडिकलमधून आणलेलं क्रेप बँडेज गच्च आवळून बांधू नका, उलट दाब वाढतो. सहा आठवडे रोज रात्री न चुकता. तेवढ्याने भागलं नाही तर मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन, बऱ्याच जणांना काही महिने छान जातात पण त्रास परत येऊ शकतो. आणि शेवटी ऑपरेशन, तो वरचा पट्टा कापून नसेला जागा करून देतात.

एक अर्जंट गोष्ट. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो तो दोन्ही हातांचा शेजारी ठेवून बघा. उजवा चपटा वाटला तर स्प्लिंटवर महिने घालवू नका. एकदा स्नायू वाळला की ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असं नसतं.

जुनं_ते_सोनं

एवढं लगेच ऑपरेशनवर कशाला जायचं? आमच्याकडे खोबरेल तेलात लसूण कढवून रात्री चोळतात आणि शेक देतात. माझ्या आत्याचं असंच बरं झालं.

फिजिओ_पर्वरी

काका, लगेच ऑपरेशन कोणी म्हटलंच नाही. तेल जरूर चोळा, हाताला बरंच वाटतं. पण बोगदा हाडाचा आणि जाड पट्ट्याचा, तेल तिथे काय करणार? शेक देताना मात्र जपून, बधीर बोटांना चटका कळत नाही, भाजून फोड आलेले हात मी बघितलेत.

म्हापशेकरीण

मनगटदुखी म्हटली की सगळे कार्पल टनेलच म्हणतात म्हणून माझं लिहिते. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात मला अंगठ्याच्या बाजूला मनगटावर इतकं दुखायला लागलं की डब्याचं झाकण उघडेना. मुंग्या अजिबात नाहीत, नुसती कळ. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की जीव जायचा. त्याला डी क्वेरवेन म्हणतात, 1895 मध्ये त्या नावाच्या स्विस सर्जनने लिहून ठेवलंय. बाळाला काखेत अंगठे ताणून दिवसातून शंभर वेळा उचलतो ना, त्याने अंगठ्याच्या दोन दोऱ्यांचं म्यान सुजतं. सासूबाई म्हणाल्या बाळंतवारा, मी म्हटलं वारा एकाच अंगठ्यात कसा शिरला 😄

याचा स्प्लिंट वेगळा, अंगठापण धरून ठेवणारा. शिवाय बाळाला खालून हात घालून, तळव्यांवर घेऊन उचलायला शिकले. तरी राहिलं म्हणून एक इंजेक्शन घेतलं, अंगावर पाजते हे डॉक्टरना आधीच सांगितलं होतं. दोन आठवड्यांत आराम. फक्त तिथली कातडी नाण्याएवढी पांढरी पडली, होतं म्हणे असं कधीकधी, आता हळूहळू रंग येतोय.

म्हार्दोळचो_तबलजी

आम्ही भजनी मंडळी. माझी अनामिका सकाळी मुठीतच अडकलेली असायची, दुसऱ्या हाताने ओढली की टक्क करून सरळ. ट्रिगर फिंगर. दोरीला गाठ आणि ती गाठ कडीतून जाईना, असं डॉक्टरनी चित्र काढून सांगितलं. मला शुगर आहे, शुगरवाल्यांना हे जास्त होतं आणि इंजेक्शनचा गुणही कमी येतो. वर इंजेक्शननंतर चार-पाच दिवस शुगर जी चढली ती कोणी आधी सांगितलीच नव्हती!! शेवटी जागा बधीर करून ती कडी कापली, फार वेळ लागला नाही, त्याच दिवसापासून बोट हलवायला लावलं. महिनाभर तबला बंद, टाळ घेऊन बसलो, पोरांना मजा.

बोरीचो_पायलट

विषय थोडा वेगळा पण सांगतोच. पावसात बाईक घसरली, तळहातावर पडलो. एक्सरे क्लीन, मुरगळलंय म्हणून सोडलं. अंगठा ताणला की मनगटाच्या बाजूला खळगा पडतो ना, जुनी माणसं तपकीर ठेवायची तो, तिथे दाबलं की दुखायचं. बारा दिवसांनी परत एक्सरे काढला तेव्हा स्कॅफॉइड फ्रॅक्चर दिसलं. या हाडाला रक्त उलट्या टोकाकडून येतं म्हणून जुळायला वेळ, दुर्लक्ष केलं तर तुकडा मरतोसुद्धा. तेव्हा पडल्यावर त्या खळग्यात दुखलं तर पहिल्या एक्सरेवर जाऊ नका.

सत्तरीची_पोर

माझ्या मनगटावर मागच्या बाजूला सुपारीएवढी गाठ आहे, दुखत नाही. पुस्तक आपटून फोडतात म्हणे, खरं का?

फिजिओ_पर्वरी

नको गो! गँगलियन असणार, आत जेलीसारखं पाणी असतं, अंधारात टॉर्च लावलास तर उजेड आरपार दिसतो. एकदा दाखवून घे. दुखत नसेल तर तशीच ठेव, कित्येक आपोआप जातात. सुईने पाणी काढलं तर निम्म्याच्या आसपास परत येतात.

डिचोलीकर

अपडेट. आधी उशीर झाला त्याबद्दल सॉरी. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नेलं, ऑर्थोच्या ओपीडीत, सकाळी आठला गेलो ते दोनला मोकळे झालो पण डॉक्टरने दोन्ही हात धरून नीट बघितले. फिजिओताई, तो उंचवटा खरंच चपटा निघाला, इतके महिने घरात कोणाच्या लक्षात नाही आलं. एनसीव्हीत उजवा सिव्हिअर, डावा माइल्ड. शुगर बॉर्डरला. डाव्याला रात्रीचा स्प्लिंट, उजव्याचं ऑपरेशन सांगितलंय, तळहातावर छोटा छेद, फक्त हात बधीर करून. टाके दोन आठवड्यांनी. रात्रीच्या मुंग्या लवकर जातील, पकड यायला दोन-तीन महिने, आणि तळहाताच्या कडेला दाबलं की काही आठवडे दुखेल असं आधीच सांगून ठेवलं. दीनदयाळ या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या कार्डवर बसतं का ते विचारायला काउंटरवर जायचंय, कोणी केलं असेल तर सांगा.

आई म्हणते चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, मग करूया.

फिजिओ_पर्वरी

चवथीपर्यंत थांबू नका. दीडशे नेवऱ्यांना (करंज्यांना) कातर मारणं म्हणजे त्याच हाताला शिक्षा.

डिचोलीकर

तारीख घेतली, चवथीच्या आधीचीच. नेवऱ्या यंदा विकत आणू म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. नारळ खवायला बाबांना बसवलंय, अर्धा नारळ करवंटीलाच राहतो.