पुणे–वरंधा–आंबेनळी–महाबळेश्वर, एकटीने सायकलवर: सल्ला हवा आहे

नीरेकाठची
नमस्कार मंडळी. डिसेंबरात चार दिवसांची रजा मंजूर झाली आहे आणि डोक्यात एक गोल फेरी घोळते आहे. पहिल्या दिवशी पुणे ते भोर (५५ किमी), दुसऱ्या दिवशी वरंधा घाट उतरून महाड (साधारण ८०), तिसऱ्या दिवशी पोलादपूरवरून आंबेनळी चढून महाबळेश्वर (६०), चौथ्या दिवशी पसरणी उतरून वाईमार्गे घरी (१२०).

वय ४७. तीन वर्षं नियमित चालवते. बोपदेव आणि दिवे घाट आठवड्याचे, सिंहगड आजवर चार वेळा, त्यात दोनदा पाय टेकले. सायकल रोड बाईक आहे, पुढे ५०/३४ दात, मागे ११–२८ दात, साधे रिम ब्रेक. सामान सीटमागच्या पिशवीत, फार तर ६-७ किलो.

प्रश्न असे: फेरी उलटी केलेली बरी का? हे गिअर पुरतील का? परतीला खंबाटकीचं काय करायचं? आणि "एकटी कशाला जातेस" हे उत्तर घरून मिळालेलं आहे, ते सोडून बाकी काहीही सांगा.

घाटकरी
उलटी करू नका. आंबेनळी पश्चिमेकडून चढायचा आणि सकाळीच चढायचा. सूर्य डोंगराच्या पलीकडे उगवतो, त्यामुळे कोकणाकडच्या उतारावर बराच वेळ सावली टिकते. तोच घाट दुपारी दोनला चढलात तर ऊन थेट तोंडावर आणि तापलेली दरड पाठीला. मी दोन्ही करून बसलोय. दुसऱ्या वेळी पोलादपूरच्या वर एका मोरीखाली तासभर आडवा झालो होतो.

म्हणून मुक्काम महाडला न करता २० किमी पुढे पोलादपूरला करा. आदल्या दिवशीचे हे किलोमीटर सोपे जातात. सकाळी तेच महामार्गावर ट्रकच्या सोबतीने करून मग घाटाला लागायचं म्हणजे सावलीतला तास फुकट घालवणं.

आकडा ऐकून घाबरू नका. पोलादपूर समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम वर, महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास. म्हणजे एका सकाळीत दोन सिंहगड, एकावर एक. पण सिंहगडची उंची आठ-नऊ किलोमीटरमध्ये उरकायची असते, इथे चाळीस किलोमीटर हाताशी आहेत. सरासरी काढली तर सव्वातीन टक्के. ती फसवी आहे, कारण सुरुवातीचा बराच भाग खोऱ्यातून हलका जातो, मग घाट लागतो, वाडा कुंभरोशीला (प्रतापगडाचा फाटा) थोडा श्वास मिळतो आणि शेवटी पुन्हा चढ. तरी सिंहगडासारखा छातीवर येत नाही.

आपल्याकडचे जुने घाटरस्ते बैलगाडी वर चढेल अशा हिशोबाने काढलेले, म्हणून लांबलचक वळणांनी जातात. गडावर किंवा पवनचक्क्यांच्या पठारावर नेणारे नंतरचे रस्ते जीव काढतात. घाटाच्या नावाला भिऊ नये, रस्ता कशासाठी काढला होता ते बघावं.

जुनाट_फ्रीव्हील
गिअरचा हिशोब मी करतो, तेवढंच जमतं मला. चाकाचा घेर २.१ मीटर धरा. सर्वात हलका गिअर ३४/२८, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण अडीच मीटर पुढे. मिनिटाला ६० फेऱ्या (याखाली गेलात की गुडघे बोलायला लागतात) म्हणजे ताशी ९ किमीच्या वर. ८ टक्के चढावर तुम्ही, सायकल, सामान मिळून ८० किलो धरले तर त्या वेगाला सुमारे १७० वॅट लागतात. दहा मिनिटं सगळे देतात. तिसऱ्या तासाला कोण देतं?

मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) ११–३४ करा. तोच चढ, त्याच ६० फेऱ्या, १४० वॅटमध्ये. एमटीबीवाले (माउंटन बाईकवाले) पुढे २२ आणि मागे ३४ लावतात, त्यांचं ९० मध्ये भागतं, ताशी पाच किमीने का होईना. मात्र नुसती कॅसेट बदलून चालणार नाही. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा असेल तर ३४ दात घेणार नाही, लांब पिंजऱ्याचा लागेल, आणि चेनही थोडी लांब. दुकानात "चालतंय की मॅडम" म्हणाले तरी स्टँडवर लावून मोठ्या-मोठ्या जोडीवर (पुढची मोठी, मागची मोठी चकती) स्वतः फिरवून बघा.

पेन्शनर_ऑन_व्हील्स
बॅटरीवाली सायकल घ्या की. कटकट नाही.

जुनाट_फ्रीव्हील
काका, वाड्याला बॅटरी संपली की २३ किलोची सायकल ढकलत वर न्यायला तुम्ही येणार का?

भोरकर_आहे
ताई, आमच्या गावावरून जाताय म्हणून लिहितो. भोर सोडलं की नीरा-देवघरच्या पाण्याकडेने रस्ता आहे. नकाशावर सपाट दिसतो पण सपाट नाही. सारखं वर-खाली, वर-खाली. लोक इथेच दमतात आणि नाव वरंध्याचं सांगतात. हिर्डोशीच्या पुढे दुकानं विरळ होतात, पाणी भोरलाच भरून घ्या.

घाटाच्या तोंडाशी वाघजाईचं देऊळ आहे, तिथे टपऱ्यांवर चहा-भजी मिळतात. भजी खा, पण सायकल नजरेआड करू नका. चोरांची नाही, माकडांची भीती. हँडलच्या पिशवीत केळी असतील तर चेन उघडायला त्यांना आपल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

आणि हा घाट पावसाळ्यात बंद ठेवतात, दरडी येतात. डिसेंबरात तसं काही नसतं, पण दुरुस्तीची कामं कोरड्या दिवसांतच निघतात. आदल्या दिवशी भोर एसटी स्टँडवर विचारा की महाडची गाडी गेली का. गाडी गेली असेल तर रस्ता चालू. मोबाईलवरच्या नकाशाला हे कळत नाही.

झ्युरिकचा_बाळू
वाचून घरची आठवण आली. इकडे आल्प्समध्ये बऱ्याच खिंडींच्या रस्त्यांवर सायकलवाल्यांसाठी पाट्या असतात, माथा किती किलोमीटर राहिला आणि पुढचा चढ किती टक्के. इटलीतल्या स्टेल्व्हिओला (२७५७ मीटर) प्रातोच्या बाजूने चढलो तेव्हा ४८ वळणं होती आणि प्रत्येकाला नंबर. उलटे मोजत जायचे. ३०च्या आसपास मला वाटलं हे नंबर नसते तर बरं झालं असतं.

घाटकरी
आमच्याकडे "वाहने सावकाश हाका" एवढीच पाटी. तीही दरडीखाली.

रानजाई
मी हीच फेरी दोन वर्षांपूर्वी एकटीने केली, फक्त मांढरदेवीवरून परत आले. त्यावर नंतर.

एकटीने जाण्याबद्दल जे खरंच उपयोगी पडलं तेवढं सांगते. घाटात मधे-मधे रेंज नसते, त्यामुळे "लाइव्ह लोकेशन" बघत बसलेल्या घरच्यांचा जीव उगाच टांगणीला लागतो. त्यांना ठिकाणं द्या: पोलादपूर सोडताना, वाड्याला, महाबळेश्वरला. दोन ठिकाणांमधे किती तास गप्प राहणार तेही आधीच सांगा. मी चार तास सांगितले होते, तीन लागले, घरी कौतुक झालं.

चहा घेतलेल्या टपरीवर सहज बोलून ठेवायचं, "वर महाबळेश्वरला चाललेय." मग मागून येणारा दूधवाला, एसटीचा ड्रायव्हर, सगळ्यांना माहीत होतं. एका कंडक्टरने खिडकीतून ओरडून विचारलं, "अजून इथंच?" अपमान वाटला, पण बरंही वाटलं. कुणी दुचाकी शेजारी हळू चालवत फार चौकशी करायला लागलं तर "मागून आमची गाडी येतेय" हे एक वाक्य पुरतं. ११२ आणि १०८ फोनमध्ये वर ठेवा.

लॉजची खोली फोन करून ठरवताना सायकल आत घेऊ देतात का हे आधी विचारा. मला एका ठिकाणी रात्री नऊला नाही म्हणाले. शेवटी सायकल जिन्याखाली आणि मी रात्रभर अर्धी जागी.

खाणं: ८० किलो वजन १३०० मीटर वर न्यायलाच शरीर साधारण हजार कॅलरी जाळतं, पुढे ढकलायच्या वेगळ्या. भूक लागल्यावर खायचं असं ठेवलंत तर उशीर झालेला असतो. दर अर्ध्या तासाला काहीतरी. मी राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे नेले होते. जेलच्या पुड्या बॅगेतच राहिल्या.

सह्यवारा
खंबाटकीबद्दल. साताऱ्याकडून पुण्याला येताना घाट नाही, बोगदा लागतो. आवाज, धूर, शेजारून ट्रक. मागचा लाल दिवा चांगला हवा, तरी माझा सल्ला नकोच. वाईहून मांढरदेवी चढून भोरला उतरा, महामार्गाचा मोठा भाग टळतो. फक्त पौष पौर्णिमेच्या जत्रेच्या दिवसांत तिकडे फिरकू नका.

रानजाई
हेच म्हणणार होते, पण सावध करून. तिसऱ्या दिवशी १३०० मीटर चढून चौथ्या दिवशी मांढरदेवी म्हणजे आगीतून फुफाट्यात. तो रस्ता देवळाकडे जातो, आणि घाटकरींचा नियम इथे लागू: गाडीवाटेपेक्षा छातीवर येणारा. मी रडले होते. खरोखर.

वाईहून एसटी घ्या. टपावर कॅरिअर असलेल्या गाड्या कमी झाल्यात, पण मिळतात. सायकलचं लगेज तिकीट काढायचं, पुढचं चाक आणि हँडल स्वतः दोरीने बांधायचं. दोरी घरून न्या.

घाटकरी
उतरण्याबद्दल कुणी बोललं नाही. चढताना माणूस फार तर थांबतो, पडतो तो उतरताना. वरंधा आणि पसरणी दोन्ही तुम्हाला उतरायचे आहेत आणि ब्रेक रिमचे. ब्रेक सतत धरून ठेवलात तर रिम तापते, फार तापली तर आतली ट्यूब फुटू शकते. सरळ भागात जोरात दाबून वेग कमी करा, सोडा, वळण मोकळ्या हाताने घ्या. पुढचा-मागचा दोन्ही वापरा. पाच-सहा किलोमीटरला थांबून रिमजवळ हात नेऊन बघा, चिकटवू नका.

चढतानाचं एक: डावीकडच्या तीव्र वळणात आपली बाजू आतली असते आणि तिथे रस्ता सर्वात खडा. समोर आणि मागे मोकळं दिसत असेल तर जरा मधे येऊन वळण मोठं घ्यायचं. दिसत नसेल तर गुपचूप आतून, हलक्या गिअरवर. हॉर्न ऐकू आला की हौस करायची नाही.

आणि शनिवार-रविवार महाबळेश्वरच्या रस्त्यांवर तुमचा चढ येऊ देऊ नका.

नीरेकाठची
सगळ्यांचे आभार. रजा सरकवून घेतली: शनिवारी निघणार, सोमवारी आंबेनळी, मंगळवारी पसरणी. कॅसेट आणि डिरेलर बदलायला दिले आहेत. आल्यावर लिहिते.

नीरेकाठची
आले! तीन आठवडे उशिरा लिहितेय, माफ करा.

भोरकर, तुमचं पाण्याकडेचं वर-खाली अगदी खरं. वाघजाईला पोहोचेपर्यंत मला वाटत होतं घाट अजून यायचाय, आणि तिथून तर उतारच सुरू झाला. भजी खाल्ली. माकडाने माझी केळी नाही, शेजारच्या कारमधल्या कुटुंबाचा वेफर्सचा पुडा नेला. उतारावर पाय नाही, पंजे दुखले. ब्रेक सोडून-धरून उतरायचं डोक्यात होतं, पण पहिल्या दोन वळणांत भीतीने धरूनच ठेवले. मग थांबले, पाणी प्यायले, तिथून जमलं.

महाडला चवदार तळ्यापाशी थांबले. १९२७च्या सत्याग्रहाबद्दल शाळेत वाचलेलं, पण तिथे पायरीवर बसून बाटलीतलं पाणी पिताना घोट जरा वेगळाच गेला. मग पोलादपूर.

सोमवारी पावणेसातला निघाले, दिवा लावून. सावली कधी गेली ते घड्याळात पाहायचं ठरवलं होतं आणि विसरले. वाड्यापर्यंत ३४ दातांवर आरामात, इतकं की आपण उगाच घाबरलो असं वाटलं. तो गर्व वाड्याच्या पुढे उतरला. ऊन आलं, दहा-बारा किलोमीटर बाकी होते आणि एका वळणानंतर मी उतरून चारेकशे मीटर चालत गेले. कंडक्टर नाही, पण एका जीपमधल्या आजींनी हात जोडून नमस्कार केला. मी पण केला. एक वाजून चाळीस मिनिटांनी महाबळेश्वर.

पसरणी मंगळवारी सकाळी जवळजवळ रिकामा मिळाला. वाईच्या स्टँडवर पहिल्या दोन गाड्यांना कॅरिअर नव्हता, तिसरीला होता. दोरी मी नेली होती, पण वर चढून बांधली एका कॉलेजच्या मुलाने, मला टपावर चढू दिलं नाही.

जुनाट_फ्रीव्हील, डिरेलरबद्दल तुमचं बरोबर निघालं. दुकानात आधी जुन्यावरच बसवून दिलं होतं, स्टँडवर फिरवल्यावर अडकलं.

तर आता ११–२८ची जुनी कॅसेट आणि आखूड पिंजऱ्याचा डिरेलर घरात पडून आहे. सपाटीवर चालवणाऱ्या कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि कुंभार्ली चिपळूणकडून चढलेलं कुणी आहे का इथे?

घाटकरी
आहे. नवीन धागा काढा.