अंडी मातीत शोधा
पाळलेल्या रातकिड्यांच्या माद्या धडधाकट आहेत, तरी डब्यात अंडी दिसत नाहीत, असा प्रश्न आलाय. बहुधा माती कोरडी पडतेय. रातकिड्याच्या मादीला मागे सुईसारखी लांब नळी असते. ती ओलसर मातीत खुपसून मादी अंडी आत सोडते. वरवर पाहून ती दिसणारच नाहीत. वाटीभर दमट रेतीमाती ठेवा आणि काही दिवसांनी ती वाटी वेगळ्या डब्यात हलवा, नाहीतर मोठे किडेच अंडी उकरून खातात. ऊब ३० अंशांच्या आसपास असेल तर बऱ्याच जातींची पिल्लं साधारण २ आठवड्यांत निघतात, अगदी मुंगीएवढी. पाण्यासाठी ओला कापूस पुरे, उघड्या वाटीत ती बुडतात.

एक कळकळीची विनंती: रानातून आणलेले नवे किडे जुन्यांत लगेच सोडू नका. त्यांच्या पोटात परजीवी माशीच्या अळ्या किंवा केसासारखे लांब जंत असू शकतात.