सहाही जागा फ्रेशमननी भरू नका
हूप्स डायनॅस्टी या कॉलेज बास्केटबॉलच्या ऑनलाइन गेममध्ये तुम्ही प्रेस (कोर्टभर दबाव टाकणारा डिफेन्स) खेळवताय आणि ६ जागा एकदम रिकाम्या झाल्यात, म्हणून सहाही फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे खेळाडू) घ्यायचा विचार दिसतोय. यात संघाला स्कॉलरशिप १२च. निम्मा संघ नवखा आला की डिफेन्सचा आयक्यू (त्या डिफेन्सची समज) घसरतो, फाउल वाढतात, आणि सगळे टिकले तर पुढे हीच बॅच एकदम बाहेर पडते. त्यापेक्षा ४ फ्रेशमन, १ ज्युनिअर कॉलेजवाला (आधी दुसऱ्या छोट्या कॉलेजात खेळून आलेला) घ्या. तो लवकर मोकळा होतो, बॅच फुटते. सहावी जागा वॉक-ऑनला (स्कॉलरशिपविना खेळणाऱ्याला) गेली तरी चालेल. प्रेसला ॲथलेटिसिझम, स्पीड, डिफेन्स हवंच, पण स्टॅमिना आधी बघा. तो कमी असेल तर पोरगं उत्तरार्धात धापा टाकतं. वर्क एथिक (मेहनतीची तयारी) कमी असलेला तर फुकट मिळाला तरी नको. रेटिंग ढिम्म हलत नाही.