विचार ताब्यात ठेवले की आयुष्य बदलतं, हे कोकणात पटतं का?

देवगडचा बागायतदार

आमच्या आंबावाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरतोय: आयुष्यात जे येतं ते आपल्याच विचारांनी ओढून आणलेलं असतं. त्याखाली एकाने लिहिलं, ज्यांचा मोहर गेला ते आधीपासून रडतच होते. हे वाचून डोकं सणकलं. पण रागाच्या भरात मुळातली खरी गोष्टही आपण फेकून देऊ, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत असं. हवामान आपल्या हातात नाही. त्यावर आपण स्वतःशी काय बोलतो ते बऱ्यापैकी हातात आहे आणि पुढचा निर्णय त्या बोलण्यातूनच निघतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास याच पायावर उपचारपद्धती उभी केली. कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. घटना घडते आणि त्रास होतो, या दोहोंच्या मध्ये आपली एक समजूत बसलेली असते, असं ती सांगते.

आता बागेत या. थंडी लांबली, झाडाला पुन्हा मोहर फुटला, आधी धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळली. ही झाली घटना. 'यंदा पैसे कमी येणार' हा हिशेब. 'मी संपलो, आता बाग विकायची' ही समजूत. हिशेब करणारा माणूस दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करतो. असा पुन्हा येणारा मोहर रोखायला जिबरेलिक ॲसिड या संप्रेरकाच्या फवारणीची शिफारस आहे, ती पुढच्या हंगामात कधी करायची ते विचारतो. समजुतीत अडकलेला माणूस मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला बाग देऊन मोकळा होतो. मी दोन्ही प्रकारचे शेजारी पाहिलेत, झाडं सारखीच.

हर्णै बंदर

दादा, झाडं सारखी होती, पण कर्जही सारखं होतं का? ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आणि घरात लग्नाची मुलगी, त्याची 'समजूत' नसते हो, तो त्याचा हिशेबच असतो.

आमचं बघा. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की दर्यात झगझगाट दिसतो. मासे त्या उजेडाकडेच ओढले जातात. आमच्यासारख्या छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काय येणार? डिझेलचा खर्चसुद्धा सुटत नाही. अशा वेळी मी स्वतःशी गोड बोलायचं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनला धडकलं, आमच्या दापोली-मंडणगडात घरांची कौलं उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. माणसं वाचली ती हवामान खात्याचा इशारा वेळेत आला म्हणून. विचारांनी कोण वाचलं, एक नाव सांगा.

आणि प्रत्येकजण आपापलं मन सांभाळत बसला तर मत्स्य खात्याच्या दारात जायचं कोणी?

काजूवाली, वेंगुर्ला

माका एक सांगा. आमच्या घोवाची बाग गेली तेवा तो किती दीस गप रवलो. लोक म्हणत, काय मन घट्ट आसा ह्याचा! घट्ट खयचा, रातचो झोपाक नाय होतो. इचार ताब्यात ठेवणा म्हणजे ह्याच काय?

चिपळूणची परिचारिका

वहिनींनी नेमकं बोट ठेवलं. विचार दाबणं आणि विचार तपासणं यांची आपल्याकडे कायम गल्लत होते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. नंतर 'आता खुशाल करा' म्हटल्यावर, ज्यांनी आधी दाबलं होतं त्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. त्यामुळे 'तो विषयच मनात आणू नकोस' हा घरोघरचा सल्ला कुचकामी आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या शहरात शिरलं. त्यानंतर पाऊस जोरात लागला की अनेकांची झोप उडायची, अजूनही उडते. अशा माणसाला 'सकारात्मक राहा' म्हणणं म्हणजे तापाच्या रुग्णाला थंड हो म्हणण्यासारखं. झोप, भूक, कामातलं लक्ष बरेच दिवस गेलं असेल तर डॉक्टर गाठा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकूनच लोक तोंड फिरवतात, तर निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. वहिनी, हे तुमच्या यजमानांसाठीही.

चाकरमानी, मूळ संगमेश्वर

सगळे रडगाणंच गाताय. मी रोज सकाळी डोळे मिटून माझा गावचा बंगला बघायचो, चिऱ्याच्या भिंतींसकट. आज तो उभा आहे. विचारात ताकद असते, मानायचं तर माना.

देवगडचा बागायतदार

बंगल्याबद्दल अभिनंदन, पण तो उभा राहिला तुमच्या पगारातून आणि गवंड्याच्या हातातून. या स्वप्नं बघण्यावर मानसशास्त्रज्ञ गाब्रिएल ओटिंगेन यांनी अभ्यास केलाय. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांमध्ये, ज्या आपल्या सडपातळ रूपाची गोड चित्रं रंगवत होत्या त्यांचं वजन थोडंच घटलं. ज्यांना 'मला हे जमेल' असं वाटत होतं त्यांचं जास्त घटलं. गोड चित्र पाहून मन आधीच तृप्त होतं, मग हातपाय हलत नाहीत.

हर्णैवाल्या भाऊंचा कर्जाचा मुद्दा मला मान्य. पैसा गाठीशी असला की शांत डोक्याने विचार करणं सोपं जातं, हे मी आधी लिहायला हवं होतं. मात्र मन सांभाळलं की खात्याच्या दारात जायचा रागच उरत नाही, यावर वाद घालणार. राग सोडा असं एलिसही म्हणत नाहीत. 'हे चूक आहे, बदललं पाहिजे' या विचारातून आलेला राग माणसाला अर्ज लिहायला बसवतो. 'सगळे चोर, काही होणार नाही' यातून आलेला राग दारूच्या दुकानात नेऊन बसवतो. निवड तिथे आहे.

हर्णै बंदर

आमच्याकडचे जे दुकानात बसलेत ना, त्यातल्या कितीतरी जणांनी आधी अर्जच लिहिले होते. पोच घेऊन ठेवल्यात, दाखवू शकतो. आधी अर्ज, मग वर्षानुवर्षं उत्तर नाही, मग 'सगळे चोर' आणि मग दुकान. तुम्ही क्रम उलटा लावताय. परिचारिका ताईंचा नंबर मात्र सोसायटीच्या फळ्यावर लिहितो, तो कामाचा आहे.