पिलाटेसच्या क्लासमध्ये गॅस सुटतो: जाणकारांनी इथे लिहावं

पिलाटेस करताना पाद सुटणं हा विषय चेंजिंग रूममध्ये कुजबुजीने निघतो आणि तिथेच विरतो. क्लास घेणारे, फिजिओ, आहारतज्ज्ञ, डॉक्टर, सगळ्यांना आमंत्रण. फजितीचे किस्से नकोत, ते चहावर. नेमकं कशाने होतं आणि काय केलं की कमी होतं, तेवढं लिहा.

मॅटवाली

सगळ्या व्यायामांत धोका सारखा नसतो. मॅटवरचे तीन बदनाम आहेत: रोलिंग लाइक अ बॉल, रोल ओव्हर आणि शोल्डर ब्रिज. पहिल्यात मांड्या पोटावर दाबल्या जातात. म्हणजे पवनमुक्तासनच, फक्त गडगडत केलेलं. बाकी दोघांत कंबर छातीपेक्षा वर जाते. वायू वर चढतो, आणि त्या क्षणी सगळ्यात वर काय असतं ते सांगायला नको. रोल ओव्हरमध्ये पाय डोक्यावरून परत आणताना पोटाला जोर लागतो, बहुतेकांचा तिथेच सुटतो.

हंड्रेडचं (उताणं पडून, डोकं आणि पाय उचलून हात वर-खाली हलवायचा व्यायाम) गणित वेगळं. पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, अशा दहा फेऱ्या. नवशिके चार-पाच फेऱ्यांत दमतात आणि श्वास कोंडतात. श्वास कोंडला की पोटातला दाब खालच्या दिशेने ढकलला जातो. बाहेरून ओळखायची खूण म्हणजे बेंबीच्या आसपास पोट घुमटासारखं वर येतं. अशा वेळी पाय सरळ ठेवायचा हट्ट सोडा. गुडघे काटकोनात घ्या. तरी पोट वर येत असेल तर पाय जमिनीवर, डोकंही खाली, नुसते हात चालू. श्वास नाकाने आत, तोंडाने बाहेर, आणि जोर लावताना नेहमी बाहेर. तोंडाने घाईघाईत श्वास घेणारे हवा गिळतात. त्यातली बरीचशी ढेकरेतून निघते, उरलेली पुढे सरकते.

क्लास सुरू व्हायच्या पाच-दहा मिनिटं आधी कोपऱ्यात पवनमुक्तासन करून घ्यावं. आधी उजवा पाय, मग डावा, मग दोन्ही. मोठं आतडं उजवीकडून वर जातं आणि डावीकडून खाली उतरतं, म्हणून हा क्रम. मग एकदा बाथरूमला जाऊन यावं.

पोटोबा

"सकाळी काहीच खाल्लं नव्हतं, तरी कसं?" हा प्रश्न सतत येतो. सातच्या क्लासला सुटणारा गॅस रात्रीच्या जेवणाचा असतो. कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा पचवणारं एन्झाइम आपल्या पचनसंस्थेत नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, जिवाणू त्या आंबवतात आणि गॅस होतो. तिथवर पोचायला साधारण चार ते सहा तास लागतात. म्हणून सकाळच्या क्लाससाठी आदल्या रात्रीचं जेवण बघा, संध्याकाळच्या क्लाससाठी दुपारचं.

राजमा, छोले, वाल, पावटे, वाटाणे हे सगळ्यात त्रासदायक. मुगाची डाळ सौम्य. कडधान्य आठ ते बारा तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. या साखरा पाण्यात उतरतात. सत्त्व जाईल म्हणून तेच पाणी उसळीत घालणाऱ्यांनी निदान क्लासच्या आदल्या दिवशी घालू नये. मोड आणले की त्या आणखी कमी होतात. नुसत्या हिंगाच्या फोडणीवर विसंबून भिजवणं टाळू नका.

मिसळीचा सगळा दोष मटकीला देतात, पण वरचा कच्चा कांदा, वाटणातला लसूण आणि पाव, तिघांतही फ्रुक्टान (न पचणारी कर्बोदकं) असतात, तेही आंबतात. कोबी-फ्लॉवरमध्ये गंधक, त्यामुळे वास. शुगर-फ्री च्युइंगममध्ये बहुधा सॉर्बिटॉल (नीट न पचणारा गोड पदार्थ) असतं, शिवाय चघळताना हवा गिळली जाते ती वेगळी. दूध सोसत नसेल तर प्रोटीन पावडरमध्ये व्हे कॉन्संट्रेटऐवजी आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) फार कमी.

आणि सकाळचा चहा क्लासच्या तासभर आधी. तो आतड्यांना जाग आणतो. ते काम घरीच उरकलेलं बरं.

कंबरपट्टा

फिजिओच्या बाजूने दोन मुद्दे.

सुटेल या भीतीने नितंब आवळून व्यायाम करू नका. ब्रिजमध्ये ओटीपोट आत वळतं, मांडीचा मागचा स्नायू धरतो, कमरेचा मणका एकेक उचलला जात नाही. अख्खा सेट वाया. त्यापेक्षा कूस बदला, उठून बाहेर जाऊन या.

दुसरं बायकांसाठी, कारण हे कुणी बोलत नाही. ब्रिजमधून किंवा पाय वर नेऊन खाली येताना होणारा आवाज कित्येकदा पोटातल्या गॅसचा नसतोच. कंबर वर गेली की योनीत हवा शिरते, खाली येताना बाहेर पडते. वास नसतो, आवरताही येत नाही. बाळंतपणानंतर जास्त दिसतं. वर जाण्याआधी श्वास सोडत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हलके वर ओढा, ब्रिज अर्ध्याच उंचीचा ठेवा, सावकाश उतरा. मात्र योनीतून दुर्गंधीयुक्त वायू किंवा मळ येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

जठराग्नी

मॅटवालीच्या मुद्द्यांना +१. दिवसाला दहा ते वीस वेळा वायू सरणं सर्वसाधारण आहे. थोडा वेळ धरून ठेवल्याने काही बिघडत नाही, पोट फुगतं आणि दुखतं एवढंच.

औषधं तपासा. मधुमेहावरची अकार्बोज आणि व्होग्लिबोज हमखास गॅस करतात. मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोला. इसबगोल घेत असाल तर एका चमच्यापासून हळूहळू वाढवा. गॅसच्या गोळ्यांतल्या सिमेथिकोनने बुडबुडे फुटतात, गॅस तयार व्हायचा थांबत नाही. फ्रूट सॉल्ट घेऊन क्लासला जाऊ नका, त्यातून कार्बन डायऑक्साइडच निघतो.

वजन घटणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल तर तपासणी करून घ्या.

रिफॉर्मरताई

रिफॉर्मरवर (स्प्रिंगांवर सरकणाऱ्या पाटाचं पिलाटेसचं यंत्र) शॉर्ट स्पाइन हा व्यायाम सगळ्यात वाईट: पाय पट्ट्यांत, कंबर हवेत. आदल्या रात्री छोले झाले असतील तर सांगा, त्या दिवशी फुटवर्क (उताणं पडून पायांनी दांडा ढकलणं) वाढवून शॉर्ट स्पाइन वगळता येतं. कॅरेजच्या (त्या सरकत्या पाटाच्या) रेक्झिनवर आवाज घुमतो, कमरेखाली टॉवेलची दुहेरी घडी घाला.

शिकवणाऱ्यांसाठी: आवाज आला तर मोजणं थांबवू नका, त्या दिशेला बघू नका. आणि मॅट एकामागे एक सरळ रांगेत लावू नका, तिरक्या लावा. एकाच्या कमरेमागे दुसऱ्याचं डोकं येता कामा नये.