पोस्ट-डॉकसाठी ४३ मेल, उत्तरं ३. मदत हवी आहे

टीएलसी_प्लेट:
पोस्ट-डॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या कामासाठी, दोन महिन्यांत ४३ प्राध्यापकांना मेल टाकले. तिघांनी ‘सध्या निधी नाही’ कळवलं, बाकी सगळे गप्प. मार्चमध्ये फेलोशिप संपली, आता कासारवडवलीला घरी बसून ‘पुढे काय?’ ऐकतेय. मेलमध्ये नक्की काय लिहायचं असतं? चालणारा नमुना असेल तर द्या. जरा लवकर, प्लीज.

ऐरोलीकर:
विषय? देश? पीएचडी झाली का? आयडीवरून केमिस्ट्री वाटतेय, पण अंदाजावर किती चालायचं.

टीएलसी_प्लेट:
हो, ऑरगॅनिक. देश कुठलाही. पीएचडी झालीच आहे जवळजवळ.

ऐरोलीकर:
‘जवळजवळ’ म्हणजे?

बर्लिनचा_बंड्या:
जर्मनीच! हम्बोल्ट फेलोशिपला वर्षभरात कधीही अर्ज करता येतो, पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत. फक्त तिथला एक प्राध्यापक आधी पटवायचा. मी तसाच गेलो.

ऐरोलीकर:
बंड्या, पटवायचा कसा हेच विचारतेय ना ती?

सानपाडा_लोकल:
परदेश कशाला? एनपीडीएफ बघा, आपल्या सरकारची पोस्ट-डॉक फेलोशिप. पूर्वी सर्ब या सरकारी संस्थेकडे होती, आता तिच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे. सर्बच्या वेळी वयोमर्यादा ३५ होती, महिलांना ५ वर्षं सूट. थिसिस सबमिट केलेल्यांनाही चालायची, फक्त डिग्री होईपर्यंत महिना ५५ ऐवजी ३५ हजार.

बर्लिनचा_बंड्या:
३५ हजारांत खारघरला भाडं भरून खाणार काय?

सानपाडा_लोकल:
तिचं घर ठाण्यात आहे, वाचलंस का? आणि सगळे काही टॉवरमध्ये राहत नाहीत.

शुभदा_कळवा:
नेट-सेट झालीय का गं? माझा भाचा कॉलेजात सीएचबीवर शिकवायला लागला, तासाप्रमाणे पैसे मिळतात, दुपारी घरी.

टीएलसी_प्लेट:
काकू, मला शिकवायचं नाहीये. थिसिस ऑगस्टमध्ये सबमिट केला, एका परीक्षकाचा रिपोर्ट अडकलाय. पाठवलेल्या मेलचा फोटो टाकतेय.

दुसरा_पोस्टडॉक:
ताई, राग मानू नका. ‘आपलं संशोधन वाचून अत्यंत प्रभावित झाले’ यानंतर पेपरचं शीर्षक वेगळ्या फाँटमध्ये, मागे राखाडी पट्टा. कॉपी-पेस्ट केलंय हे मेल उघडता उघडता दिसतं. आमच्या सरांकडे असे रोज येतात, ते दुसरी ओळ वाचत नाहीत. आणि व्हायवा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा कधी, हे कुठेच नाही. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला डिग्रीचा कागद नसला तरी चालतो, पण अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत व्हायवा पार पडलेला लागतो. म्हणून ‘थिसिस सबमिट, व्हायवा अमुक महिन्यात अपेक्षित’ असं सरळ लिहा. बरं, याच प्राध्यापकांना का लिहिलंत?

टीएलसी_प्लेट:
त्यांचं लिगँड नावाचं रसायन वापरलं म्हणून तर माझी कपलिंगची रिअ‍ॅक्शन चालली. यील्ड, म्हणजे हाती येणारं उत्पादन, ४० टक्क्यांवर अडकलं होतं, ७२ वर गेलं.

दुसरा_पोस्टडॉक:
अहो, मग हे मेलमध्ये का नाही?!

टीएलसी_प्लेट:
थिसिसच्या चौथ्या प्रकरणात आहे ना, सीव्हीत लिंक दिलीय.

ऐरोलीकर:
लिंक कोण उघडतं? पहिली ओळ हीच टाका. ४३ जणांना नको, ज्यांचं काम तुमच्या हाताखालून गेलंय अशा पाचांना. आणि परीक्षकाच्या रिपोर्टसाठी गाइडच्या मागे लागा, तो आपोआप येत नसतो.

टीएलसी_प्लेट:
गाइड म्हणतात, ‘येईल गं’. आज त्या लिगँडवाल्यांना परत लिहिते. एकदा गप्प बसलेल्यांना दुसऱ्यांदा लिहिलेलं चालतं का?

सानपाडा_लोकल:
बंड्या, खारघरला भाडं कुठल्या सेक्टरचं म्हणत होतास? आमच्या मेव्हण्याला हवंय.